वर्लाचं एकुलतं एक भाषण

नवरा ड्वेन गेल्यावर वर्लाला आपलं म्हणावं असं माणूस एकच उरलं, धाकटा भाऊ लेलँड. दर रविवारी चर्च सुटलं की तो बायकोला घेऊन तिच्याकडे जेवायला यायचा, मांसाच्या रश्शाला नावं ठेवायचा आणि दोनदा वाढून घ्यायचा. स्टोव्हच्या कारखान्याचा विषय मात्र दोघं टाळायची.

ड्वेननं तिथं उभा जन्म काढला. लेलँड तिथला मॅनेजर. बाहेरच्या गुंतवणूकवाल्यांनी कारखाना घेतला, कारखान्याच्याच डोक्यावर कर्ज चढवलं, पैसा काढून घेतला आणि कुलूप ठोकलं. "काळजी नको, सगळं ठीक आहे," असं लेलँड शेवटपर्यंत कामगारांना सांगत होता. पुढं ड्वेन गॅरेजात खुर्ची टाकून बसू लागला, आणि बसून बसूनच संपला.

त्या हिवाळ्यात रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार वर्लाच्या आयोवा राज्यात उतरले. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी त्यांची आपापसांत मारामारी चाललेली. त्यातला मॅडॉक्स गावच्या कॅफेत वर्लाच्या टेबलाशी येऊन बसला. ड्वेनचं सगळं ऐकून घेतलं, डोळेसुद्धा पुसले.

"बाई, हा धंदा नव्हे, ही लूट आहे," तो म्हणाला. "आणि आमच्यातला तो कॅल्व्हर्ट असल्याच लुटीवर गब्बर झालाय. तुम्ही गावासमोर बोला."

आपल्याच पक्षाचा, देवाधर्माचा माणूस हे बोलत होता. आजवर असं कुणी बोललं नव्हतं. वर्ला विरघळली.

जानेवारीत पक्षाचा उमेदवार निवडायला शाळेच्या जिममध्ये गाव जमलं. चिठ्ठ्या टाकण्याआधी ज्यानं त्यानं आपल्या उमेदवारासाठी उठून बोलायचं. लेलँड कॅल्व्हर्टसाठी बोलला: नोकऱ्या देतो तो धंदेवालाच देतो. मग वर्ला उठली. जन्मात कधी माईकसमोर उभी राहिली नव्हती.

"आमच्या बाबांचं बी-बियाण्याचं दुकान होतं. धंद्याला मी नावं ठेवत नाही. पण बाबांनी दुकान चालवायला घेतलं होतं, मारायला नाही."

मागून कुणीतरी ओरडलं, "काय गं वर्ला, डेमोक्रॅट झालीस की काय?"

"गप रे मर्ल! तुला बायबल कुणी शिकवलं? मीच ना? तेही धड आलं नाही तुला."

हशा पिकला. हशानं तिला धीर आला, आणि त्या भरात जे बोलायचं नव्हतं तेही तोंडून गेलं.

"सगळं ठीक आहे असं माझ्या सख्ख्या भावानं ड्वेनला सांगितलं. त्याला सगळं ठाऊक होतं. कुलूप लागताना स्वतः बोनस घेऊन गेला."

लेलँडनं टोपी उचलली आणि चिठ्ठी न टाकताच निघून गेला. त्या जिममध्ये मॅडॉक्स जिंकला. बाकी सगळीकडे आपटला.

रविवारी वर्लानं तिघांचा रस्सा केला. कुणी आलं नाही. पुढच्या रविवारीही नाही. तरी ती मनाची समजूत घालायची, खरं ते खरं, आपल्या माणसांत कुणीतरी बोललं.

मार्चमध्ये टीव्हीवर मॅडॉक्स दिसला. कॅल्व्हर्टच्या गळ्यात हात टाकून सांगत होता, "यांच्यासारख्यांनीच हा देश उभा केला." लुटीचं काय, असं एका पत्रकारानं विचारलं तेव्हा तो हसला. "अहो, निवडणुकीत माणूस काहीबाही बोलतो."

वर्लानं टीव्ही बंद केला, कोट चढवला आणि भावाचं दार वाजवलं. दार लेलँडनंच उघडलं. आत ये म्हणाला नाही.

"टीव्ही बघितलास?" तिनं विचारलं.

"बघितला."

"ते दोघं एक झाले, लेलँड. मग आपण तर एका आईची."

लेलँडनं तिच्या बुटांकडे बघितलं.

"त्यांचं सोपं होतं गं. त्यातलं काही त्यांच्या मनात नव्हतंच. तू मनापासून बोललीस."

बोललेलं मागं घ्यायचं म्हणजे ड्वेनला दुसऱ्यांदा मातीत घालायचं.

"कोण आलंय?" आतून त्याच्या बायकोनं विचारलं.

"कुणी नाही," लेलँड म्हणाला. "वर्ला आहे."

वर्लानं कोटाची गुंडी लावली. "दार लाव," ती म्हणाली. "घर गार पडेल तुझं."