बोराएवढा चंद्र

त्या दिवशी सहावीच्या वर्गात मी टेबलावर एक मोसंबी ठेवली आणि तिच्याशेजारी एक बोर. मोसंबी म्हणजे पृथ्वी, बोर म्हणजे चंद्र. चार बोरं ओळीनं मांडली की मोसंबीची रुंदी भरते, हे पोरांना पटलं. मग ते सगळं पर्समध्ये टाकून मी गारखेड्याला घरी आले, तर आईचं मोदक वळणं चालू होतं. संकष्टी होती.

संकष्टी म्हटलं की माझ्या जिवाची घालमेल सुरू. वर्षापूर्वी डॉक्टरांनी आईला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. ऑपरेशनचं नाव काढलं की बाईसाहेब म्हणणार, "ज्या चतुर्थीला चंद्र दिसणार नाय, तवा ने मला. तवर गप बस." तेव्हापासून दर महिन्याला गच्चीवर आमचा निकाल लागायचा आणि दर महिन्याला तीच जिंकायची.

चहा घेताना मी ते बोर तिच्या हातात दिलं. म्हटलं, "पृथ्वी मोसंबीएवढी धरली, तर चंद्र एवढुसा."

तिनं ते बोटांनी चाचपलं. "काहीतरीच शिकवतीस लेकरांना! ताटाएवढा असतो. हल्ली तर लईच मोठा दिसतो."

"उगवताना मोठा भासतो गं, असतो तेवढाच!" मी चिडलेच. पण तिचा तो 'हल्ली' शब्द संध्याकाळभर माझ्या डोक्यातून जाईना.

कॅलेंडरातली चंद्रोदयाची वेळ टळून गेली. पूर्वेला, चिकलठाण्याच्या बाजूला, समोरच नवी इमारत होतेय, त्यामुळे आमच्या गच्चीवर चंद्र उशिराच पोचतो. आई खुर्चीत तांब्या घेऊन बसलेली, सकाळपासून पोटात धड अन्न नाही, आणि मी या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत येरझाऱ्या घालतेय.

"बस की एका जागी! मलाच गरगरायला लागलं."

एवढं बोलून ती एकदम उठली. "आला बघ! काय तेज हाय आज!" समोर तोंड करून तिनं हात जोडले, पाणी सोडलं, अक्षता वाहिल्या. मी तिकडं बघितलं. इमारतीच्या वरच्या मजल्यावर कामगारांनी हॅलोजन लावला होता.

वर्षभर याच क्षणाची वाट बघत होते मी, पण आता तिच्या हातातला रिकामा तांब्या हळूच काढून घेतला.

"आई, तो दिवा आहे गं."

तिनं हळूच विचारलं, "मग चंद्र कुठाय?"

तो त्या इमारतीच्या कडेला, पाण्याच्या टाकीमागून नुकताच वर येत होता. मी तिचे खांदे धरून तिला वळवलं. तिनं बराच वेळ डोळे बारीक करून बघितलं.

"नुसता उजेड सांडलाय तिथं," ती म्हणाली.

मला रडू आवरेना.

"आता रडतीस कशाला? जिंकलीस ना? जा, तांब्या भरून आण. पहिलं पाणी त्या दिव्यालाच गेलं."

पाणी आणलं. तिचा हात धरून मी चंद्राच्या दिशेनं केला आणि तिनं पुन्हा अर्घ्य दिलं. खाली आल्यावर मोदकाला हात लावण्याआधी तिनं ते बोर मागून घेतलं आणि मुठीत घट्ट धरलं.

"उद्या चल डॉक्टरकडं. त्याला म्हणावं, ताटाएवढा नको मला. एवढाच दाखव."