बालदीवरचा दिवा

आधीच माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही चंदगडकडच्या एका खेडेगावातल्या शाळेत. ऱ्हस्व-दीर्घ मला नीट कळत नाही आणि अक्षर तर कोंबडीचे पाय उमटल्यासारखं आहे. माझी मुलगी प्राची म्हणते, "आई, तू वहीत लिही, मी टाइप करून त्या अनुभवांच्या ग्रुपवर टाकते." टाकायचं की नाही ते अजून ठरवलेलं नाही. चार माणसांत बोलायची मला सवय नाही. पण लिहून तरी ठेवते.

मी अशा गोष्टी मानत नव्हते. आमच्या गावात कुणाच्या अंगात आलं की बाकीच्या बाया हात जोडायच्या, मी मात्र चुलीवरचं दूध उतू जाईल म्हणून घरी पळायचे. भीती वाटायची ती माणसांचीच. त्यांच्या बोलण्याची.

लग्नानंतर आम्ही गोव्यात आलो. आमचे हे डिचोली भागातल्या एका कारखान्यात कामाला होते. साखळीजवळ कारापूरला भाड्याची खोली होती, पुढे अंगण आणि अंगणाला कमरेएवढा गडगा – म्हणजे दगडाचं कुंपण. गडग्यापलीकडे इंदूवयनी. त्यांचं घर पिढ्यान् पिढ्या तिथलंच, थोडी शेती, थोडी काजूची झाडं. नवरा वारलेला. मुलगा दिवसभर कामावर. घरात त्या आणि सून नेहा.

तिन्हीसांजेला आम्ही दोघी आपापल्या तुळशीपाशी दिवा लावायचो. मी कुणाशी बोलत नसे, म्हणून पहिल्यांदा त्याच बोलल्या. गडग्यावरून म्हणाल्या, "गो, दिवो लायलो?" मी नुसती मान हलवली. दुसऱ्या दिवशी परत तेच. हळूहळू त्या प्रश्नानंतर आमची दिवसाची सगळी बोलणी व्हायला लागली. भाजी काय केली, पोदेराने – म्हणजे पाववाल्याने – पाव करपवले, नेहाची आई आली होती… मी माझ्या सख्ख्या बहिणीशी बोलले नसेन एवढं वयनींशी बोलले. पुढे मोबाइल आले. टाइप करणं दोघींनाही जमत नव्हतं, पण बटण दाबून बोललं की आवाज जातो हे प्राचीने शिकवलं. मी गावी गेले की दिवा लावून तिथून बोलायचे, आणि नेहा त्यांना ऐकवायची. वयनींच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, त्यांना फोनवरचं दिसायचं नाही.

मग ह्यांच्या कारखान्यातलं ते खातं बंद झालं. दोन पगार थांबले. हे मोपाला विमानतळावर काही मिळतं का बघून आले, मुरगावच्या गोदीतही विचारून आले. कुठेच जमेना. तेव्हा वयनींनी मला मागच्या दाराशी बोलावलं आणि काजू विकून आलेले पैसे माझ्या पदरात घातले. "पोरीची फी भर. भाडें दी. आसा तेन्ना दी माका." असतील तेव्हा परत दे, एवढीच अट. ह्यांनासुद्धा त्यांनी सांगू दिलं नाही. मीच नंतर सांगितलं.

शेवटी कंपनीने ह्यांना गुजरातेत वापीकडे पाठवायचं ठरवलं. एवढ्या लांब. ना भाषा येते, ना माणूस ओळखीचं. तरी नोकरी होती.

सामान बांधताना मी एक चूक केली. खोक्यांचा फोटो स्टेटसला ठेवला. सहज. तासाभरात माझी जाऊ घरच्या ग्रुपवर – "काय वैनी, गोव्याचं दाणापाणी संपलं म्हणायचं का?" दुसऱ्या कुणी लिहिलं, "आता गुजराती शेठ होणार भावजी!" तिसऱ्याने विचारलं, नोकरी गेली की काढली? फेसबुकवर तर ज्यांना मी ओळखतही नव्हते ते अंगठे दाखवत होते. हे रात्री जेवले नाहीत. म्हणाले, "तुला कुणी सांगितलं होतं आपलं उघडं करून दाखवायला?" मी खोक्यामागे बसून रडले. दुसऱ्या दिवशी प्राचीला म्हटलं, "काढून टाक. व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक – सगळं. नवीन गावात नवीन सिम घेऊ, जुनं नको." तिने माझ्यासमोर सगळं काढलं. जुनं सिमसुद्धा काढून डबीत ठेवलं.

वयनींना मात्र मी हे सांगितलं नाही. का नाही सांगितलं – याचंच उत्तर मी स्वतःला देत असते. वाटलं, पोहोचल्यावर नव्या नंबरवरून फोन करू.

निघायच्या आदल्या दिवशी ह्यांना कंपनीकडून थांबलेल्या पगारांचा हिशेब मिळाला. मी वयनींचे सगळे पैसे वेगळे काढून रुमालात बांधले. पण सामानाच्या गडबडीत सांज झाली. मी गडग्यापाशी पोहोचले तेव्हा त्यांची वात पेटलेली. मी रुमाल पुढे केला तर त्या मागे सरकल्या.

"आत्तां नाका गो शाले. दिवो लायलो. दिवो लायल्या उपरांत घरांतली लक्ष्मी भायर काडूंक जायना. तूं नव्या घरांत वता, असल्या वेळार पैशे दिवन वचूं नाका."

"वयनी, पहाटे टेम्पो आहे…"

"फाल्यां सकाळीं दी. पैशे खंय धांवचे नात."

मला माझ्याच भल्यासाठी त्या परत पाठवत होत्या. दिवा लागल्यावर पैसे घराबाहेर देऊ नयेत, हे आमच्याकडेही पाळतातच, म्हणून मी रुमाल परत नेला. टेम्पोवाला सांगितल्या वेळेच्या आधीच आला, काळोखातच. वयनींचं दार बंद होतं. मी दारापर्यंत गेले, कडीला हात लावला… हे हाका मारत होते. झोपलेल्या म्हाताऱ्या माणसाला काय उठवायचं, असं म्हणून मी परतले.

वापीला खोलीचं डिपॉझिट ठरल्याहून जास्त मागितलं. रुमाल सुटला. संपला.

मग फोन करायची लाज वाटायला लागली. आज करू, पगार झाल्यावर करू, पैसे जमल्यावरच करू… तसंच राहिलं.

ती खोली दुसऱ्या मजल्यावर होती. अंगण नाही, तुळस नाही. मी बाथरूममधली बालदी धुऊन न्हाणीबाहेरच्या पट्टीवर उपडी घातली आणि तिच्यावर दिवा लावायला लागले. हातात फोन नव्हता. पण दिवा लावला की तोंड आपोआप उघडायचं. इतक्या वर्षांची सवय. मी हळू आवाजात बोलत राहायचे – "वयनी, दिवो लायलो. इथला पाव गोड लागतो, आपल्या पोदेरासारखा नाही. आज दूध नासलं. प्राचीला शाळेत मुलं मद्रासी म्हणतात, सांगून सांगून दमली…" प्राची हसायची. "आई, बालदीशी बोलतेस?" मी म्हणायचे, "बालदी तरी उलट बोलत नाही."

खरं सांगते, त्या दिवसांत बरं वाटायचं. स्टेटस नाही, कुणाचे टोमणे नाहीत. दिवा, बालदी आणि मी.

मग एक वाईट दिवस आला. ह्यांचा पगार लांबला, घरमालक दारात येऊन बोलून गेला. संध्याकाळी दिवा लावला आणि माझ्या तोंडून निघालं – "वयनींना तरी माझी आठवण कशाला येईल? पैशांची येत असेल." असं मी बोलले. मोठ्याने बोलले. माझं मलाच ऐकून कसंतरी झालं. त्यानंतर दिवा लावायचे, पण बोलणं बंद केलं. हात जोडायचे आणि आत यायचे.

शाळेच्या नव्या वर्षात प्राचीच्या वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला. सगळ्या सूचना त्यावरच. म्हणून नव्या नंबरावर ते परत घ्यावं लागलं. घेतल्यावर पहिलं काम मी तेच केलं. वयनींचा नंबर पाठ होता. बटण दाबून म्हटलं, "वयनी, मी शालू. चुकले. फोन केला नाही. पैसे थोडे जमलेत. तुम्ही कशा आहात?"

थोड्या वेळाने फोनच वाजला. नेहा होती.

"शालूताय, तुम्ही नंबर बदललात?"

"हो गं. वयनी कशा आहेत?"

ती मग म्हणाली, "आई गेल्या. बारावंसुद्धा होऊन गेलं. जुन्या नंबरार इतके फोन केले आम्ही. लागलाच नाही. मला वाटलं, तुम्हाला राग आलाय."

मी जमिनीवर बसले. राग कसला, असं मी कसंबसं विचारलं.

नेहा म्हणाली, "ते तुम्ही पैशांचं बोलला होतात ना मेसेजात. त्यानंतर तुमचे मेसेज बंदच झाले."

"कुठला मेसेज? नेहा, मी इथे आल्यापासून एकही मेसेज केलेला नाही. व्हॉट्सअ‍ॅपच नव्हतं माझ्याकडे."

"अशें कशें? रोज तिन्हीसांजेला यायचे. मीच लावून द्यायचे त्यांना. तुम्ही सांगायचात – पाव गोड लागता, दूध नासलं, प्राचीला मुलं मद्रासी म्हणतात. आई हसायच्या. म्हणायच्या, पळय गो, बालदी उपडी घालून तिच्यार दिवो लायता ती! तुळशीचें रोप धाडपाक जाय तिका. रोप पाठवायचं होतं त्यांना तुम्हाला."

बालदीचं आमच्या घराबाहेर कुणालाच माहीत नव्हतं. ह्यांनासुद्धा नाही, ते कामावरून उशिरा यायचे. प्राचीने कुणाला सांगितलं असेल म्हणून तिला विचारलं, तर तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

मी नेहाला म्हटलं, फोनमध्ये बघ. तिने बघितलं. बराच वेळ बघितलं. आमच्या निघण्याच्या आदल्या आठवड्यापर्यंतचे माझे मेसेज होते. त्यानंतर काही नाही. तिने पाठवलेली उत्तरं होती, वयनींच्या आवाजातली, सगळ्यांवर एकच टिक – न पोहोचलेली. उत्तरं होती, पण ज्याची ती उत्तरं ते कुठेच नव्हतं. नेहा म्हणाली, "मी कानांनी ऐकलंय शालूताय. देवाशपथ." ती घाबरली होती. मीही.

मला एकच विचारायचं होतं आणि ते विचारायची हिंमत होत नव्हती. तरी विचारलं. "ते पैशांचं ऐकून त्या काय म्हणाल्या?"

"मी चिडले होते," नेहा म्हणाली. "म्हटलं, आई, इतकं केलं तुम्ही आणि ही बाई अशें उलयता. तर त्या म्हणाल्या – थकल्या गो ती. उलोवंक दी तिका."

दमली आहे, बोलू दे तिला – एवढंच. मग पुढचं तिने सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून वयनी दिवा झाल्यावर फोन मांडीवर घेऊन पायरीवर बसायच्या. "आयज शालू उलोवंक ना?" नेहा म्हणायची, रेंज नसेल. रोज बसायच्या. मग आजारी पडल्या, अंथरुणाला खिळल्या, तरी तिन्हीसांजेला फोन उशाशी हवाच. तसंच एका सांजेला त्या गेल्या.

आणि मी तेव्हा त्या बालदीपाशी रोज उभी होते. तोंड मिटून. एक शब्द बोलले असते तरी…

वापीत एका मोबाइलवाल्याला विचारलं. तो म्हणाला, सिम डबीत असेल तर मेसेज जाऊच शकत नाही, कुणीतरी मस्करी केली असेल. माझ्या आवाजात, माझ्या खोलीतली मस्करी कोण करणार? ह्यांचं म्हणणं, म्हातारीला भास झाला आणि सुनेनेही री ओढली. पण मग बालदी? आता मी हेही म्हणत नाही की असं काही नसतं. मला माहीत नाही, एवढंच.

मी कपड्यांचे धागे कापायचं काम घरी आणलं. चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या आधी रुमाल परत भरला. पैसे मोबाइलवरून पाठवता येतात, प्राची म्हणाली, पण मला हातातच द्यायचे होते. एकटीने असा प्रवास मी आयुष्यात पहिल्यांदा केला. गाडी थिवीला उशिरा पोहोचली. म्हापशाहून डिचोलीची बस, मग दुसरी बस. खिडकीतून मी नुसतं ऊन बघत होते. कललं, पिवळं झालं, मग माडांच्या शेंड्यांवर तेवढं उरलं. कारापूरला उतरून मी धावले. या वयात, पिशवी घेऊन, रस्त्यातली माणसं बघत होती तरी धावले.

नेहा तुळशीपाशी उभी होती. एका हातात दिवा, एका हातात काडेपेटी. वात अजून न पेटवलेली. तिने गडग्यापलीकडून माझ्याकडे बघितलं आणि काडेपेटी कमरेला खोवली.

"या. तुमच्यासाठी थांबले," ती म्हणाली. "आधी द्या."

मी रुमाल सोडला. तिच्या हातावर मोजले, सगळे. तिने ते आत नेऊन वयनींच्या फोटोपाशी ठेवले आणि बाहेर आली. मी गडग्याला धरून उभी होते. वाट बघत होते, गडग्यावरून कुणीतरी "गो, दिवो लायलो?" असं विचारेल म्हणून. कुणी विचारलं नाही.

नेहाने काडी ओढली. पैसे तेवढे पुरे फिटले होते.