बातमी थांबली, लढाई नाही

माझी भाची परदेशात एका दवाखान्यात नर्स आहे. तिथे लढाई पेटली तेव्हा इकडे कोराडीच्या कॉलनीत तिच्या आईच्या, म्हणजे माझ्या ताईच्या घरी दिवसभर टीव्ही चालू असायचा. सगळ्या चॅनलांवर तेच शहर. एक वार्ताहर ताईची मुलाखतही घेऊन गेला. "मावशी, पोरीचा फोटो हातात धरा," म्हणाला. तिने धरला.

मग एका सकाळी ते शहर पडद्यावरून गेलं. त्याच्या जागी निवडणूक आणि कुठल्याशा नटाचं लग्न. ताईचा फोन आला. "संपली गा लढाई! टीव्हीवर काहीच नाही आता."

मला पटेना. तह झाला असता तर तोही दाखवला असता. भाचीला फोन लावला.

"संपली म्हणून कोणं सांगितलं, मामा?" ती म्हणाली. "पेशंट तळघरात नेऊन राहिलो आम्ही. विमानं बंद आहेत. आईले सांगू नका, घाबरन ती."

त्या वार्ताहराला मी धंतोलीत चहाच्या टपरीवर गाठलं. "बातमी बंद करा म्हणून वरून कोणाचा फोन आला का?"

तो हसला. "फोन कशाले लागते, काका? रोज तोच धूर, तेच पडके घरं. लोकं चॅनल बदलवतात."

"खरं असेलही," मी म्हणालो. "पण नटाच्या लग्नातली तीच ती वरात आठवडाभर चालली, तेव्हा कोणी चॅनल बदललं नाही का?" तो चहाचे पैसे देऊन निघाला.

इकडे ताईच्या डोक्यात वेगळंच शिरलं. "लढाई संपली, मग पोरगी घरी काहून येत नाही? कोणी पोरगा पाहिला असन तिनं तिकडंच. मले सांगत नाही, तुले माहीत असन."

आता गप्प राहणं शक्य नव्हतं. मी सगळं सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही. "एवढं असतं तर दाखवलं नसतं का?" शेवटी मी तिच्यासमोरच व्हिडिओ कॉल केला. अंधुक तळघर, ओळीने खाटा, भाचीचा सुकलेला चेहरा. मागे काहीतरी कोसळल्यासारखा आवाज झाला आणि फोन कटला.

ताई पुन्हा पुन्हा तोच नंबर लावत राहिली. संध्याकाळी भाचीचा मेसेज आला, ठीक आहे म्हणून. तेव्हा कुठे ताई रडली.

भाची अजून तिथेच आहे. हल्ली एखादा देश बातम्यांतून अचानक नाहीसा झाला, की तिथे ओळखीचं कोणी राहतं का, ते मी आधी आठवून पाहतो.