कोळशाच्या पोटातलं स्टेशन

आमच्या बाभुळगावच्या शिवारात मी आजवर दोन वाघ, एक अजगर आणि एक वसुली अधिकारी नुसत्या नजरेनं मागं हटवलेले आहेत. हे साऱ्या गावाला ठाऊक आहे, कारण साऱ्या गावाला मीच सांगितलं आहे. म्हणून वणीकडचे माझे साडूभाऊ जेवता जेवता म्हणाले, "चाल, तुले जमिनीखालचं रेल्वे स्टेशन दाखवतो," तेव्हा नाही म्हणायची सोयच उरली नाही. त्यात मेहुणी भाकर वाढता वाढता म्हणाली, "न्या बाप्पा यायले. वाघ यायची वाट पाहून राह्यले असतीन तुमच्या खाणीत."

साडूभाऊंची सारी नोकरी कोळशाच्या खाणीत गेली. खाण बंद पडून काही वर्षं झाली होती आणि आता तिच्या तोंडावर भिंत घालणार होते. त्याआधी त्यांना एकदा खाली जायचं होतं. पण गुडघे कामातून गेलेले, त्यामुळे चौकीदार एकट्याला सोडेना. सोबतीला माणूस हवा होता. तो मी.

खाणीचं तोंड म्हणजे बैलगाडी उतरेल एवढं उतरतं भुयार. चौकीदार त्यांच्याच पाळीतला जुना गडी. "जय भीम, भाऊ," म्हणत त्यानं आधी आमचे खिसे चाचपले आणि माझी माचिस काढून घेतली. "खाली वायू राह्यते. काडी ओढली का माणूस बिनतिकिटाचा वर." दिवा त्याच्याकडे एकच होता, तो साडूभाऊंच्या टोपीवर चढला. मला बिनदिव्याची टोपी. "स्टेशनवरून मागं फिरा. पुढं पाणी आहे."

निघालो. पायाखाली अरुंद रूळ, डोक्यावर छताला टेकू दिलेले, वाकलेले लाकडी धीर, आणि अंधार असा की वणीच्या बाजारात किलोनं विकला असता. थोडं उतरल्यावर मागं वळून पाहिलं, तर खाणीचं तोंड रुपयाएवढं दिसत होतं. आणखी थोडं गेल्यावर तेही गेलं. वर एवढं मोठं रान, त्यावर लोकांची कपाशी, तूर, बैल, ट्रॅक्टर, आणि त्या सगळ्याच्या खाली मी. शेतात बैलानं पाय आपटला तरी छत माझ्यावर येणार, असं मला अगदी स्पष्ट दिसत होतं.

आणि मग खरंच स्टेशन आलं. भुयार तिथं रुंद झालेलं, दोन्ही भिंतींना चुना, एका कडेनं सिमेंटचा ओटा आणि त्यावर फळीचं बाकडं. ओट्यालगत रूळ. साडूभाऊ त्या ओट्यावर असे चढले की जणू सासुरवाडीला आले.

"पहिले आम्ही पायीच चढत होतो," ते सांगू लागले. "आठ घंटे कोळसा काढा अन् मंग हा डोंगर चढा. दम जाये माणसाचा. मंग दोरानं ओढाची गाडी आली. त्या दिवशी नारळ फोडला आम्ही इथं. तेलंगी, छत्तीसगडी, गोरखपुरी, आपले वऱ्हाडी, सारे एका बाकड्यावर. कोणी ओरडे, 'नागपूरवाले पुढं बसा!' अन् नागपूरले कोणालेच जाचं नसे."

तेवढ्यात पाण्याच्या बाजूनं उंदीर आले. दोन-चार नाही, उंदरांची जत्राच. आमच्या पायांकडे न बघता, वर खाणीच्या तोंडाकडे पळाले. साडूभाऊ बोलता बोलता थांबले. त्यांच्या पाळीत भाकरीचा एक घास उंदराला टाकायचा रिवाज होता, कारण छत बसणार हे आधी उंदराला कळतं. मागोमाग एक धीर कर्रर करून बोलला आणि माझ्या टोपीवर बारीक खडे पडले.

"भाऊ, पळा!"

साडूभाऊ बाकड्यावर बसले.

"भाऊ, काय करून राह्यले?"

"गाडी येऊ दे."

"कोणती गाडी? गाडी भंगारात गेली!"

"घंटी होऊ दे. घंटीबिगर रुळावर पाय टाकाचा नाही." दोन्ही हातांनी त्यांनी फळी धरली होती. "माझ्यासमोर पाळीतलं एक पोरगं गेलं. छत बोललं म्हून पळालं ते, अन् वरून गाडी येऊन राह्यली होती. मी पाह्यलं. नाही टाकाचा पाय."

असा भेदरलेला आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. दुसरा धीर बोलला. मी एकटा पळालो असतो, खोटं कशाला सांगू. पण दिवा त्यांच्या डोक्यावर होता.

"घंटी कशी होते? सांगा, कशी होते?"

"गाडी वर ओढाची? तीन टोले."

मी दगड उचलला आणि रुळावर घातला. एक, दोन, तीन. भुयारभर आवाज घुमला. साडूभाऊ उठले. ते माझ्याकडे बघतही नव्हते. त्यांनी खाली वाकून रुळावर पाय ठेवला आणि चढायला लागले.

मागं काहीतरी धप्पकन बसलं. धुळीचा लोट आला, दिवा तांबूस झाला. पुढचं मी गावात असं सांगतो : साडूभाऊंचे गुडघे मधेच मोडले, मी त्यांना पाठीवर घेतलं, एका हातानं छत धरलं आणि बाहेर आलो. वर आल्यावर चौकीदारानं पाणी दिलं. मी अख्खा तांब्या रिचवला. साडूभाऊ जमिनीवर बसून गुडघे दाबत होते, एकदाही मागं न बघता.

घरी मी ही पाठीवरची हकीकत मेहुणीला सविस्तर सांगितली. ती ऐकत होती आणि धुवायला साडूभाऊंचा शर्ट उलगडत होती. शर्टाच्या पाठीवर, खांद्यापासून कमरेपर्यंत, कोळशाचे दोन पंजे ओढत गेलेले होते. तिनं एकदा शर्ट पाहिला, एकदा माझे हात पाहिले.

"मागून लय घट्ट धरलं होतं न भाऊजी," ती म्हणाली आणि शर्ट बादलीत न टाकता घडी करून कपाटात ठेवला.