दोडक्याला दोन्ही हात लागतात

मी फार बोलणारा माणूस नाही. घरात माझं बोलणं म्हणजे "हं", "बरं" आणि "बघू". या तीन शब्दांवर माझा संसार इतकी वर्षं चालला आणि मला वाटायचं, बरा चालला. त्यातल्या एका "बरं"नं काय केलं ते आज लिहितो आहे. बायकोला आणि पोरीला तोंडानं सांगून झालंय, त्यामुळे लिहायची आता भीती उरलेली नाही.

आम्ही वाशीमला राहतो. घर साधं, स्लॅबचं, पण मागं थोडी मोकळी जागा आहे आणि तिथं माझ्या बायकोचं राज्य आहे. मिरच्या, वांगी, मेथीचा वाफा, कढीपत्त्याचं एक झाड. मी कोर्टात कारकून. दिवसभर लोकांना खरं सांगण्याची शपथ घेताना ऐकतो. संध्याकाळी घरी आलो की हातपाय धुवायचे, चहा घ्यायचा आणि मागच्या दाराच्या पायरीवर बसून मोबाईल उघडायचा. त्यात असायचं काय? ऑफिसचा ग्रुप, गावाकडचा ग्रुप, शाळेतल्या मित्रांचा ग्रुप, कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक. समोर वांग्याला फुलं आली की कीड पडली, मला पत्ता नसायचा.

आषाढातल्या अशाच एका संध्याकाळी पोरगी मागच्या दारात येऊन उभी राहिली. आम्हाला ही एकच मुलगी. बारावी झाली, पण पुढच्या प्रवेश परीक्षेत मार्क कमी पडले म्हणून पुन्हा तयारी करत होती. त्यासाठी क्लास लावला होता. दाराच्या चौकटीवर नख घासत ती काहीतरी सांगत होती, बराच वेळ. मला त्यातला "क्लास" एवढाच शब्द ऐकू आला. मान वर न करता मी म्हणालो, "बरं."

ती थांबली. "नक्की बरं ना, बाबा?"

"बरं म्हटलं ना."

ती गेली. काय बरं म्हटलं, ते मला माहीत नव्हतं.

काही दिवसांनी क्लासमधून बायकोला फोन आला. मुलगी येतच नाही, तब्येत बरी आहे ना, अशी विचारणा. मी कोर्टातून आलो तेव्हा घरात उलटतपासणी सुरू होती.

"रोज दप्तर घेऊन कुठं जात होती वं तू?"

"वाचनालयात. तिथंच अभ्यास करतो."

"अन् घरी सांगाले तोंड नव्हतं?"

"मी बाबाले सांगतलं होतं. बाबा बरं म्हणाले."

बायको माझ्याकडे वळली. "काहो? सांगतलं होतं हिनं?"

चौकटीवर घासणारं नख मला त्या क्षणी स्वच्छ आठवलं. "मी ऐकलं नाही" एवढं म्हणायचं होतं. पण ते म्हटलं असतं तर पुढचा सगळा भडिमार माझ्यावर, माझ्या मोबाईलवर आला असता. मी म्हणालो, "मले नाई बा सांगतलं काही."

कोर्टात साक्षीदार फितूर होतो तेव्हा त्याच्यावर भिस्त ठेवून आलेला माणूस त्याच्याकडे कसा पाहतो, ते मी पुष्कळदा पाहिलंय. पोरीनं तसं पाहिलं. भांडली नाही, रडली नाही, आत निघून गेली.

"खोटारडी झाली पोरगी," बायको म्हणाली. "या मोबाईलनंच वाटोळं केलं हिचं." आणि तिनं पोरीचा मोबाईल कपाटात ठेवून कुलूप लावलं. माझा माझ्या हातातच होता.

त्यानंतर पोरगी माझ्याशी बोलायची, पण कसं? जेवलीस का? हो. पैसे हवेत का? नको. काय झालं? काही नाही. मला कळून चुकलं की ही आता मला आपणहून काही सांगणार नाही. पुढं परीक्षेचा निकाल सांगेल, लग्न ठरलं तर तेही सांगेल, कारण ते सांगावंच लागतं. बाकीचं, म्हणजे ज्यासाठी बाप असतो ते, सांगणार नाही. हे मी कुणाला बोललो नाही. मोबाईल मात्र जास्तच पाहू लागलो.

त्या पावसाळ्यात बायकोनं केनवडच्या माहेराहून दोडक्याचं बी आणून लावलं होतं. बांबू आणि तारांचा मांडव केला, बाजूनं तुरीच्या वाळलेल्या तुराट्या रोवल्या. श्रावण येईपर्यंत वेल मांडवावर पसरला. पिवळी फुलं इतकी की शेजारीण भिंतीवरून पाहून जायची. दोडकं मात्र एकही धरेना. बोटाएवढं व्हायचं, पिवळं पडायचं आणि गळून जायचं.

"वेल नुसता नखरे करून राह्यला," बायको म्हणायची. "उपटून टाकतो याले."

"उपटू नको," एकदा पोरगी म्हणाली. माझ्याशी नाही, आईशी. "यात नर फूल वेगळं असते, मादी फूल वेगळं. अन् ही फुलं उमलतात दिवेलागणीले. त्या टायमाले आपल्या इथं मधमाशी नसते. हातानं लावा लागते."

जीवशास्त्राच्या पुस्तकातलं होतं की तिनं स्वतःच पाहिलं होतं, विचारायची माझी हिंमत नव्हती. एवढं खरं की त्या वेळी रोज मी तिथंच पायरीवर बसलेला असायचो, आणि ही फुलं संध्याकाळी उमलतात हे मला ठाऊक नव्हतं.

मांडव उंच. बायकोचा हात पुरेना, पोरीचाही नाही. घरात उंच मी एकटाच. "उठा," बायको म्हणाली. मी स्टुलावर चढलो. उजेड कमी होता म्हणून एका हातात मोबाईलची बॅटरी लावली आणि दुसऱ्या हातानं वेल खाली ओढायला गेलो. तार सुटली, वेल निसटला, फूल गळालं.

"मोबाईल आत ठेवून या, बाबा," पोरगी म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिनं मला पुरं वाक्य दिलं होतं. "दोन्ही हात लागतात."

मी आत जाऊन मोबाईल ज्वारीच्या कोठीवर ठेवला. पत्र्याची कोठी. मेसेज आला की त्यावर तो भुंग्यासारखा घुरघुरायचा आणि मागच्या दारापर्यंत ऐकू यायचं. पहिल्या संध्याकाळी प्रत्येक घुरघुरीला माझी मान वळत होती.

काम तसं सोपं. झुबक्यातलं नर फूल खुडायचं, पाकळ्या मागं दुमडायच्या आणि त्यातलं पिवळं पीठ मादी फुलाला हलक्या हातानं लावायचं. मादी फुलाच्या मागं इवलंसं शिराळं दोडकं आधीच असतं, त्यावरून ओळखायचं. मी स्टुलावरून वेल खाली धरायचो, पोरगी फूल अगदी नाकाजवळ नेऊन निरखायची आणि मग लावायची. किती मन लावून करते, असं मला वाटायचं.

शेजारीण भिंतीवरून ओरडली, "भाऊजी, कोनाचं लगन लावून राह्यले?"

"दोडक्याचं," बायको म्हणाली. "या जेवाले. हुंडा नाई घेतला आमी."

पोरगी हसली. तिचं हसू मी बरेच दिवसांत पाहिलं नव्हतं. मी वेल धरून उभा होतो, म्हणून नुसतं पाहत राहिलो. पायरीवर असतो तर तेही चुकलं असतं.

रोजचं ठरून गेलं. दिवा लावला की मोबाईल कोठीवर आणि आम्ही मांडवाखाली. पोरगी फक्त कामाचं बोलायची: "डावीकडं, थोडं खाली, हं, धरा." पहिलं दोडकं धरलं त्या दिवशी तिघंही त्याखाली उभे राहिलो, जणू बारशाला आलोय. भाजी झाली, बायकोनं शिरांची चटणी केली आणि माझ्या ताटात वाढली. आपण या घरात चवीनं खातोय आणि पोरीवरचा खोटारडेपणाचा शिक्का तसाच आहे, हे डाचत होतं.

दुसऱ्या संध्याकाळी बायको मिरच्या तोडत बसली होती, पोरगी फुलं शोधत होती. मी स्टुलावर होतो. खाली उतरून बोलावं लागलं असतं तर कदाचित बोललोच नसतो.

"त्या दिवशी हिनं मले क्लासचं सांगतलं होतं," मी म्हणालो. "मी मोबाईल पाहत होतो. ऐकलं नाई. अन् मंग तुले खोटं बोललो."

बायकोच्या हातातली मिरची हातातच राहिली. "आता सांगता? अन् मी पोरीले खोटारडी म्हटलं, ते?"

"चुकलं माझं."

"तुमचं चुकलं, अन् तोंड माझं सुटलं!" ती टोपलं उचलून आत गेली. नेमका तेव्हाच मोबाईल कोठीवर घुरघुरला. आतून आवाज आला, "हे तुमचं बोंबलून राह्यलं! गिरणीत टाकू का ज्वारीसंगं?"

हातातलं फूल पोरीनं लावून संपवलं, दुसरं घेतलं.

"तू काय म्हणाली होती त्या दिवशी?" मी विचारलं. "मले फक्त क्लास एवढंच ऐकू आलं होतं. पुन्हा सांगतं का?"

"आता काय करसान ऐकून?"

"ऐकाचं आहे मले."

ती फुलाकडे पाहतच बोलली. "मले मागच्या बाकावरून फळ्यावरचं दिसत नाई. पुढं जागा भेटत नाई. बाजूच्या पोरीच्या वहीतून उतरवत होती, ती चिडे. म्हणून म्हटलं, क्लास सोडतो, वाचनालयात वाचतो, अन् तुमी मले डोळ्याच्या डॉक्टरकडं घेऊन चला. आईले सांगतलं असतं तं ती म्हणाली असती, मोबाईल पाहू पाहू डोळे गेले. म्हणून तुमाले सांगतलं. तुमी बरं म्हणाले. मले वाटलं, चष्म्याचं पाहसान."

मी स्टुलावरून उतरलो. इतके दिवस ती फूल नाकाजवळ नेत होती, ते मन लावून नव्हे.

सकाळी रजा टाकली आणि तिला डॉक्टरकडे घेऊन गेलो. नंबर चांगलाच निघाला. संध्याकाळी बायकोचं तोंड सवयीनं उघडलंच, "मोबाईल पाहू पाहू..." मग ती थांबली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "मोबाईल पाह्यला बापानं, अन् डोळे गेले पोरीचे! असा कसा हो हिशोब?" माझ्याशी ती दोन-तीन दिवस धड बोलली नाही. पोरीला मात्र तिनं कपाटातून मोबाईल काढून दिला, आणि तोंडानं काही न म्हणता तिच्या ताटात शिरांची चटणी दोनदा वाढली. पोरीनं तो मोबाईल संध्याकाळी माझ्या मोबाईलशेजारी कोठीवर ठेवला. दोन भुंगे झाले.

चष्मा आला त्या दिवशी ती सरळ मांडवाखाली गेली. मान वर करून पाहत राहिली. "बाबा, किती पानं दिसतात!" आणि मग ओरडली, "ते पाहा, वर, तारेच्या कोपऱ्यात! एक दोडकं पार जून झालं. तुमच्या डोक्यावरच होतं, तुमालेही दिसलं नाई?"

दिसलं नव्हतं. तसंच राहू दिलं, बियाण्यासाठी. आता दिवाळी जवळ आली आहे, ते वाळून तपकिरी झालंय आणि हलवलं की आत बी वाजतं. वेल उतरत चाललाय, पण अजून तुरळक फुलं येतात. पोरगी क्लासला परत गेली नाही, वाचनालयात जाते, आणि संध्याकाळी मांडवाखाली मला काय काय सांगते. कुणाच्या स्कूटीचं काय झालं, कुठला धडा डोक्यात शिरत नाही, पुढं काय शिकावंसं वाटतं. सगळंच महत्त्वाचं नसतं. मी वेल धरून ऐकतो. खिशाकडे हात अजून जातो, खोटं कशाला सांगू, पण खिसा रिकामा असतो. आणि "बरं" म्हणायची मला आता धास्ती वाटते, म्हणून तिनं श्वास घेतला की मी म्हणतो, "मंग?"

काल ती वैतागली. "बाबा, दर वाक्याले मंग नका म्हणू. अंधार पडून राह्यला, फूल कुठं गेलं ते पाहा आधी."

मी फूल शोधलं. मग म्हणालो, "हं, सापडलं. मंग?"