तारेवरचा खंड्या आणि मास्तरांची तोफ

टेलरमास्तरांनी खंड्याला पहिल्यांदा पाहिलं, त्या दिवशी जन्मात न चुकलेलं त्यांचं मशीन एका बँकवाल्या साहेबांच्या पँटचे दोन्ही पाय एकमेकांना शिवत सुटलं. खिडकीबाहेरच्या तारेवर असा काही निळा रंग येऊन बसला होता, की दुकानातलं सगळं निळं कापड मास्तरांना विटकं वाटायला लागलं. पाय उसवता उसवता त्यांनी जाहीर केलं, याचा फोटो काढायचा. पीस न् पीस मोजता येईल असा.

मास्तरीणबाई काजं करत होत्या. मोजून काय करणार, त्याला सदरा शिवायचाय का, एवढंच त्यांनी विचारलं.

मास्तरांनी जुना कॅमेरा घेतला. त्यात खंड्या वाटाण्याएवढा यायचा. कॅमेऱ्याच्या दुकानदाराने घरचं कुणी गेल्यासारखा चेहरा करून सांगितलं, की पक्ष्यांना मोठी लेन्स लागते. मोठ्या लेन्सला दणकट स्टँड लागतो. स्टँडचं डोकं वेगळं विकत घ्यावं लागतं, हे ऐकून मास्तर दुकानातल्या स्टुलावर बसले. पुढे बॅग, बॅटरी, कार्ड. एक वस्तू आणली, की ती दुसरीला बोलावून घ्यायची.

शेवटी लेन्ससाठी इंटरलॉक मशीन घ्यायला साठवलेल्या पैशांना हात लागला. ते मशीन नसल्याने कपडे कडा मारायला समोरच्या गल्लीतल्या टेलरकडे पाठवावे लागत, आणि तो मास्तरांची गिऱ्हाइकं एकेक करून ठेवून घेई.

“काढा फोटो,” बाई म्हणाल्या. “पण असा काढा, की मला मशीनची आठवण आली नाही पाहिजे.”

लेन्स आली. खिडकीत तोफ डागल्यासारखी उभी राहिली. खंड्या रोजच्या जागी येऊन बसला. मास्तरांना दिसला निळा ढग. त्यांनी फिरवण्यासारखं सगळं फिरवलं, लेन्स पुसली, चष्मा पुसला, मग दुकानदाराला फोन लावला. पक्षी किती लांब आहे, त्याने विचारलं. मास्तरांनी टेप धरला. नऊ फूट.

“मास्तर, त्या लेन्सला पंधरा फुटांच्या अलीकडचं स्पष्ट दिसत नाही.”

मास्तरांनी स्टँड मागे ओढला. पाठ भिंतीला टेकली, तरी दोन फूट कमीच पडले. भिंतीपलीकडे सलून होतं, आणि न्हावी भोक पाडू देईना. बाहेर रस्त्यावर मांडली, तर तोफ बघून खंड्या पसार.

“अख्ख्या गावाची मापं घेता,” बाई सुईत दोरा ओवत म्हणाल्या, “आणि आपल्या खिडकीचं घ्यायचं राहिलं होय?”

मास्तरांनी टेप तेवढा गुंडाळून ठेवला.

लेन्स त्याच दुकानदाराने अर्ध्या किमतीत परत घेतली. कडा मारायचे कपडे अजून समोरच्या गल्लीतच जातात.