मामा समुपदेशक बघायला निघतात

आमच्या मामेसासऱ्यांनी पारखल्याशिवाय बीड जिल्ह्यात एकही गोष्ट या घरातून त्या घरात गेली नसावी, अशी माझी पक्की समजूत आहे. म्हैस असो, पिठाची गिरणी असो, कुत्र्याचं पिल्लू असो, आणि मुख्य म्हणजे नवरा-नवरी असो. सोयरिकी जुळवणं हा त्यांचा धंदा नव्हे, नाद. त्यापायी कोणाकडून चहापलीकडे काही घ्यायचे नाहीत. चहा मात्र सोडायचे नाहीत. घर पालीला, पण घरी सापडले तर शपथ. कोणाच्या तरी ओसरीवर मांडी घालून बसलेले असायचे, आणि मांडीवरच्या पिशवीत अर्ध्या तालुक्यातल्या उपवर पोरापोरींचे फोटो. सगळे त्यांना मामाच म्हणतात, अगदी त्यांच्यापेक्षा वयाने मोठे असलेलेसुद्धा.

त्यांच्या पारखण्याचे कायदे होते. पहिला कायदा म्हणजे चार माणसं सोबत घेतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. एकट्याने बघितलेलं खरं नसतं, असं ते म्हणायचे. मुलाच्या घरी गेलं की मुलाकडे सगळ्यात शेवटी बघायचं. आधी पाणी मागायचं, ते कोण आणतं, तांब्या घासलेला आहे का, हे बघायचं. मग तंबाखूच्या निमित्ताने उठून गल्लीत दोन घरं फिरून यायचं. एकदा तर ठरत आलेली बैठक मोडून ते तडक उठले, कारण नवरदेव ओसरीवर आला तसं घरचं कुत्रं खाटेखाली सरकलं. "ज्याला बघून घरचं कुत्रं आंग चोरतं, तिथं आपली लेक द्याची न्हाई," एवढंच बोलले. माझ्या वेळी त्यांनी माझ्या शिक्षणाची चौकशी न करता मोटारसायकलची चेन तपासली होती. चेनला तेल होतं म्हणून तुम्ही पास झालात, असं बायको अजून ऐकवते.

अशा माणसाची एक पारख चुकली. चकलांब्याची एक गुणी पोरगी त्यांनी बघून-सवरून दिली, पाणी बघितलं, कुत्रं बघितलं, गल्ली फिरले, आणि पोरगा निघाला दारुडा. सगळ्या गल्लीने ते झाकून ठेवलं होतं. ठरत आलेल्या लग्नात कोण कशाला तोंड उघडतं? वर्षाच्या आत पोरगी माहेरी परत आली. तिच्या वडिलांनी मामांना एका शब्दाने बोल लावला नाही, आणि तेच मामांना सोसवेना. झोप गेली, जेवण तुटलं, पिशवी खुंटीला गेली ती गेलीच. स्थळ घेऊन येणाऱ्याला दारातूनच परत पाठवू लागले. चकलांब्याची वाट तर अशी टाकली, की तिकडचं लग्न असलं की त्यांना हटकून ताप यायचा. शेवटी डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं, शरीराला काही झालेलं नाही, समुपदेशकाकडे जाऊन मोकळेपणाने बोला.

आता समुपदेशक म्हणजे मामांच्या दृष्टीने स्थळच. ते काय एकट्याने बघायला जाणार? मी, त्यांचे धाकटे भाऊ, भावकीतले दोघे आणि एक नारळ अशी वरात माझ्या गाडीतून बीडला निघाली.

पहिले गृहस्थ पाटीवरून तरी मोठे वाटले. आम्हा पाचांना बघून त्यांना वाटलं घरात भांडण आहे, आणि त्यांनी एकत्र कुटुंबाचे फायदे सांगायला सुरुवात केली. ती थांबेचना. मामांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. बाहेर आल्यावर म्हणाले, चहा यायच्या आत ज्याचं सगळं बोलून होतं त्याच्याकडे लेक कशी नांदावी. दुसरा पुण्याचा एक पोरगा, मोबाईलवर दिसणारा. खरं तर चांगला होता, मला आवडला. पण मामांनी फोन साखरेच्या डब्याला टेकवला आणि बिचाऱ्याला अर्धा तास घराचे पत्रे दाखवले. "मानूस बरा हाय," ते म्हणाले, "पर त्याच्या दारात काय हाय ते आपल्याला दिसंना."

तिसऱ्या बाई एका वह्या-पुस्तकांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर बसायच्या. त्यांनी स्वतः उठून पाणी दिलं, तिथेच मला अंदाज आला. मामांनी रीतीप्रमाणे पहिला प्रश्न टाकला, मूळ गाव कोणतं? आमच्याकडे या प्रश्नाला उत्तर न देणं म्हणजे अंगावर धावून जाण्यासारखंच. बाई हसून म्हणाल्या, गाव नका विचारू, पण शिक्षण विचारा, किती वर्षं हे काम करते ते विचारा, तुमचं बोलणं कोणाला सांगेन का तेही विचारा. आणि पुढे म्हणाल्या, "तीन वेळा येऊन बघा. नाही जमलं तर सरळ सांगा, मला राग येणार नाही. दुसरं नाव मीच सुचवीन." मग आम्हा चौघांना त्यांनी नम्रपणे जिन्यात बसायला सांगितलं. धाकट्या भावांचा चेहरा बघण्यासारखा झाला. तासाभराने मामा डोळे पुसत बाहेर आले.

"ठरलं," ते म्हणाले. "जी बाई सोताचं गाव सांगंना, ती माझं गावभर काय सांगती?"

पुढे दर गुरुवारी ते जाऊ लागले, आणि एकटे, एसटीने. आम्हा चौघांना कोणी विचारेना. खरं सांगतो, मला त्या बाईंचा थोडा हेवा वाटला. चार महिने असे गेल्यावर एका सकाळी त्यांचा फोन आला. जावईबापू, गाडी काढा, म्हणाले, चकलांब्याला जायचंय, दोघंच.

पोरगी ओसरीत शिवणयंत्रावर बसली होती. मामा उभेच राहिले. वाटेत पाठ केलेलं सगळं विसरून एवढंच म्हणाले, "पोरी, माझी पारख चुकली."

"ती तर चुकलीच, मामा," ती सुईत दोरा ओवत म्हणाली. मग तिने मान वर केली. "पर तुमी आमच्याकडं यायचं कावून बंद केलं? मला वाटलं, मी नांदले न्हाई म्हनून तुमी माझ्यावर रागावले."

मामांनी पाणी मागितलं. तिने तांब्या आणून दिला, आणि जन्मभर दुसऱ्याचे तांबे निरखणाऱ्या त्या माणसाने तो न बघताच तोंडाला लावला.

परतताना गाडीत ते म्हणाले, "पानी लई गोड हाय बगा त्यांच्या घरचं." त्याच तांब्यातलं पाणी मीही प्यायलो होतो. बोअरचं होतं, चांगलंच मचूळ. मी म्हटलं, हो मामा, लई गोड.